आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची आठवडाभराची सायकल सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॉलवे ते वेस्टपोर्ट या मार्गदर्शकासोबतच्या सहलीबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारतीय पासपोर्टवर, मुंबई-पुण्याकडून निघणाऱ्यांना धरून दिली आहेत. परदेशात राहणाऱ्यांनी प्रश्न ११ आधी वाचावा.

१. आठवड्याभरात नेमकं कुठून कुठे जायचं असतं?

सुरुवात गॉलवे शहरात, शेवट मेयो काउंटीतल्या वेस्टपोर्टला. मधला बराचसा भाग कॉनेमारा, म्हणजे दलदलीची माळरानं, बुटके गडगे, तळी आणि दर दोन वळणांनी आत घुसलेला समुद्र. हा किनारी रस्ता 'वाइल्ड अटलांटिक वे' या सुमारे २५०० किलोमीटरच्या मार्गाचा एक तुकडा आहे. अख्खा मार्ग सायकलने आठवड्यात होत नाही, आणि तो करायचाही नाही.

शनिवारी गॉलवेला पोहोचून सायकली अंगाला जुळवून घ्यायच्या. रविवारी रोसाविल बंदरातून बोटीने इनिश मोर बेटावर. बेट लांबीला बारा-तेरा किलोमीटर, त्यामुळे दिवसभरात निवांत फिरून होतं. डून एंगस या प्राचीन दगडी कोटाच्या पायथ्याशी सायकली लावून वर चालत जायचं. कोट थेट समुद्रावरच्या कड्याला टेकलेला आहे आणि कड्याला कठडा नाही. सेल्फीवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सोमवारी राउंडस्टोनहून किनाऱ्याकिनाऱ्याने क्लिफ्डन. वाटेत डेरिगिमलाची दलदल लागते. अल्कॉक आणि ब्राउन यांनी अटलांटिक न थांबता पहिल्यांदा विमानाने ओलांडला तो १५ जून १९१९ रोजी, आणि उतरले ते इथे. वरून हिरवं मैदान दिसलं, चाकं टेकली आणि विमानाचं नाक चिखलात रुतलं. त्याच माळावर मार्कोनीचं बिनतारी केंद्रही होतं, १९०७ पासून. मंगळवारी क्लिफ्डनच्या वरचा स्काय रोड. बुधवारी लेटरफ्रॅक, काइलमोर ॲबी करत किलरी खाडीच्या टोकाला लीनान.

गुरुवार आमचा सगळ्यात आवडता दिवस. लीनानहून डूलॉकच्या खोऱ्यातून लुईसबर्ग आणि पुढे वेस्टपोर्ट. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे काळंशार तळं, घरं जवळजवळ नाहीतच. रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रूस दिसतो. बटाट्याच्या दुष्काळात, १८४९ च्या मार्चमध्ये, मदतीसाठी नाव टिकवायचं तर तपासणीला हजर राहा म्हणून उपाशी माणसांना लुईसबर्गहून याच खोऱ्यातून पायी बोलावलं आणि रिकाम्या हाती परत पाठवलं. परतीच्या वाटेवर कित्येक जण मेले. गट इथे थांबतो. मार्गदर्शक थोडक्यात सांगतो आणि मग बराच वेळ कोणी फारसं बोलत नाही.

शुक्रवारी ॲकिल बेटाकडून ग्रीनवेवरून, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावरच्या सायकलवाटेवरून, वेस्टपोर्टला परत. शनिवारी न्याहारी करून निरोप.

२. 'मार्गदर्शकासोबत' म्हणजे काय? पुढे शिट्टी वाजवत कोणीतरी असतो का?

शिट्टी नसते. बहुतेक सहलींत दोन माणसं असतात. एक तुमच्याबरोबर सायकलवर, दुसरा मागून गाडी घेऊन. बॅगा गाडीतून पुढच्या मुक्कामी जातात. तुमच्याजवळ पाणी, रेनकोट आणि फोन, एवढंच. पंक्चर, साखळी, ब्रेक हे सगळं ते बघतात. सकाळी दिवसाचा रस्ता समजावून दिला जातो आणि मग ज्याने त्याने आपल्या वेगाने जायचं. फोटो काढणाऱ्यांसाठी कोणी खोळंबत नाही आणि पुढे पळणाऱ्यांना कोणी अडवत नाही, फक्त फाट्यावर थांबायचं.

३. मी रोज सायकल चालवत नाही. जमेल का?

दिवसाला ३० ते ५५ किलोमीटर असतात आणि हाताशी अख्खा दिवस असतो. रविवारी सकाळी ४० किलोमीटर करून दुपारी घरची कामं करू शकत असाल, तर अंतराची चिंता सोडा.

खरी मेख आहे ती लागोपाठच्या दिवसांत. तिसऱ्या दिवशी पायांपेक्षा बूड जास्त बोलतं. त्यामुळे निघण्याआधीच्या दोन महिन्यांत शनिवार-रविवार जोडून चालवा, एक दिवस लांब आणि दुसरा आड असं नको. पॅड असलेली चड्डी घ्या आणि ती इथेच वापरून बघा. सिंहगड चढून जायची गरज नाही. त्यापेक्षा जूनच्या पावसात मुळशी-ताम्हिणीकडे समोरून वारा घेत दोन फेऱ्या मारल्यात तर तयारी नेमकी होईल. कारण पुढच्या उत्तरात.

४. चढ फार आहेत का?

चढ आहेत, पण घाट नाहीत. स्काय रोडची सुरुवात आणि ॲकिलच्या पश्चिम टोकाला कीम किनाऱ्याकडे जाणारा रस्ता, हे दोन खडे चढ. बाकी सगळे छोटे उंचवटे. प्रश्न विचारायचा असेल तर वाऱ्याबद्दल विचारा.

या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो, थेट महासागरावरून, आणि त्याला अडवायला झाड नसतं. समोरून आला तर सपाट रस्त्यावर ताशी दहाचा वेगही निघत नाही. पाठीशी असेल तर आपण अचानक फार तंदुरुस्त झालो आहोत असं वाटतं. म्हणूनच आपला मार्ग दक्षिणेकडून उत्तरेकडे आखलेला आहे. वेस्टपोर्टहून गॉलवेला उलटं का येत नाही, असंही बरेच जण विचारतात. उत्तर हेच. ग्रीनवेच्या दिवशीसुद्धा आधी गाडीने ॲकिलला जायचं आणि पूर्वेकडे तोंड करून परत यायचं.

सकाळी वाऱ्याचा अंदाज बघून मार्गदर्शक दिवस फिरवतो, कधी अंतर कापतो. छापील कार्यक्रमावर बोट ठेवून वाद घालणारा एखादा प्रत्येक गटात असतो. तो तुम्ही होऊ नका.

५. कोणत्या महिन्यात जावं?

मे किंवा जून. ऊन बहुधा याच दोन महिन्यांत सगळ्यात जास्त मिळतं, आणि जूनअखेरीस रात्री दहापर्यंत उजेड असतो. जेवण झाल्यावर पुन्हा समुद्रावर चक्कर होते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा किंचित उबदार, पण रस्त्यावर गाड्या आणि टुरिस्ट बसेस वाढतात. खोल्यांचे भावही वर जातात (प्रश्न २० पाहा). ऑगस्टमध्ये डोंगर हीदर या माळरानी झुडपाच्या फुलांनी जांभळे होतात, हा मात्र त्या महिन्याचा खास मान. सप्टेंबर शांत असतो, वारा बळावू लागतो. आपली शाळांची सुट्टी धरून एप्रिलमध्ये जायचा आग्रह असतो. जाता येतं, थंडी सोसायची तयारी ठेवा.

उन्हाळा म्हणजे १५ ते २० अंश. हे दुपारचं तापमान आहे.

६. पाऊस आला तर राइड रद्द होते?

नाही. मग सहलच होणार नाही. आयर्लंडच्या पश्चिमेला वर्षातले सव्वादोनशेच्या आसपास दिवस पावसाचे असतात. पण आपला पाऊस डोक्यात ठेवून घाबरू नका. रत्नागिरीत चार महिन्यांत जेवढा कोसळतो, त्याच्या निम्माही कॉनेमाराच्या किनाऱ्यावर वर्षभरात पडत नाही. तिथला पाऊस बारीक, तिरका आणि चंचल असतो. अर्ध्या तासात सर, ऊन, इंद्रधनुष्य आणि परत सर.

रद्द होते ती वादळी वाऱ्यामुळे. आयरिश हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. वाऱ्याचा नारिंगी इशारा असेल तर सायकली गाडीवरच राहतात.

७. कपडे काय घ्यावेत?

थरावर थर. आत लवकर वाळणारा टी-शर्ट, वर पातळ लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर खरा वॉटरप्रूफ जॅकेट. बाइकवर चालतो तो जाड रबरी रेनसूट आणू नका, आतून घामानेच भिजाल. पूर्ण बोटांचे हातमोजे जूनमध्येही लागतात. बुटांचे दोन जोड हवेतच, कारण ओले बूट रात्रीत वाळत नाहीत. जीन्स फक्त संध्याकाळसाठी.

८. आपली सायकल न्यावी की तिथली घ्यावी?

तिथली घ्या. सहलीच्या पैशांत बहुधा हायब्रिड मिळते, रुंद टायर, भरपूर गिअर, मागे छोटी पिशवी. विमानातून सायकल न्यायची, उघडायची, जोडायची हा उद्योग आठवड्याच्या सहलीसाठी परवडत नाही. स्वतःचं सीट आणि पेडल मात्र खुशाल न्या. उंची बुकिंगच्या वेळीच कळवा. पाच फुटांच्या आतल्यांनी तर नक्कीच, कारण लहान फ्रेम मोजक्या असतात.

ई-बाइक जादा पैसे देऊन मिळते. मोटर ताशी २५ किलोमीटरच्या वेगापर्यंतच साथ देते, पेडल मारावंच लागतं. जोडीतला एक रोज चालवणारा आणि दुसरा नाही, अशांनी दुसऱ्यासाठी ई-बाइक घ्यावी. आठवडा भांडणाविना जातो. घरची ई-बाइक नेण्याचा विचारही नको. तिची बॅटरी प्रवासी विमानात चढवू देत नाहीत.

९. रस्ते सुरक्षित आहेत का?

गाड्या डावीकडूनच जातात, त्यामुळे युरोपात इतरत्र होणारा डाव्या-उजव्याचा गोंधळ इथे नाही. गावाकडचे रस्ते अरुंद, कडेला गडगे किंवा फ्युशियाची लाल फुलं लटकलेली कुंपणं, आणि वळणापलीकडचं दिसत नाही. ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२५ मध्ये ८० वरून ६० वर आणली आहे. सायकलस्वाराला धोकादायकपणे ओलांडणं हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे. बहुतेक चालक मागे धीर धरून राहतात आणि जागा मिळाली की लांबून जातात. हॉर्न वाजत नाही. त्यामुळे मागे गाडी आहे हे कळतच नाही, दर थोड्या वेळाने वळून बघायची सवय लावावी लागते. दोघांनी शेजारी चालवायला कायद्याने परवानगी आहे, पण अरुंद रस्त्यावर एकामागे एक बरं. हेल्मेटची सक्ती नाही. सहलीत मात्र आहे.

लक्ष ठेवायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. मेंढ्या रस्त्यावर आडव्या बसतात, पाठीवर निळा-लाल रंग फासलेला, तो मालकाची खूण. हळू जा, आवाज द्या, कोकरू आणि आई यांच्यामधून जाऊ नका. दुसरं म्हणजे रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्यांची जाळी, गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून टाकलेली. ती नेमकी सरळ ओलांडायची. पेडल थांबवून, ब्रेक न मारता, हँडल न वळवता. ओल्या जाळीवर तिरकं गेलेला सायकलस्वार हमखास आडवा होतो.

ग्रीनवेवर हे काही नाही. १९३७ साली बंद झालेल्या वेस्टपोर्ट-ॲकिल रेल्वेमार्गावर तो बांधला आहे, मूळ लांबी ४२ किलोमीटर आणि चढ रेल्वेला झेपतील एवढेच.

१०. शेंगेन व्हिसा आहे. चालेल ना?

नाही. आयर्लंड युरोपीय संघात आहे, चलन युरो आहे, पण शेंगेनमध्ये नाही. आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. ऑनलाइन अर्ज भरायचा, मग कागदपत्रं व्हिसा केंद्रात द्यायची. एका प्रवेशाचं शुल्क ६० युरो. हातात दोन-तीन महिने ठेवा. सहल-आयोजकाचं पत्र, दिवसवार मुक्काम आणि बँकेचे तपशील यांत तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. तिकीट घाईने पक्कं करू नका.

११. माझ्याकडे ब्रिटनचा व्हिसा आहे, किंवा मी लंडनलाच राहतो. तरी वेगळा व्हिसा?

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भारतीय नागरिकांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची एक संयुक्त योजना आहे. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर 'बीआयव्हीएस' अशी नोंद असेल, तर त्यावर आयर्लंडला जाता येतं. अट अशी की आधी ब्रिटनमध्ये रीतसर प्रवेश करायचा. हीथ्रोला फक्त विमान बदललं तर तो प्रवेश धरत नाहीत.

लंडन-बर्मिंगहॅमला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींची गफलत इथेच होते. भारतीय पासपोर्ट आणि ब्रिटनचा राहण्याचा परवाना एवढ्यावर आयर्लंडला प्रवेश नाही, व्हिसा काढावाच लागतो. ब्रिटिश पासपोर्ट असेल तर प्रश्नच मिटला.

उलट बाजूची अडचण आणखी फसवी. काही सहली आयर्लंडच्या डोनेगल काउंटीतून डेरीला जातात. डेरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये. सीमेवर चौकी नाही, पाटीही धड नाही, म्हणून जाऊन येऊ असं वाटतं. पण आयर्लंडचा साधा व्हिसा तिथे चालत नाही. आपला मार्ग सीमेच्या जवळपासही जात नाही.

१२. पोहोचायचं कसं?

भारतातून थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा अबू धाबीमार्गे डब्लिन सोयीचं, ब्रिटनच्या व्हिसाची भानगड राहत नाही. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून गॉलवेला रेल्वेने साधारण अडीच तास. विमानतळावरून थेट गॉलवेची बसही आहे. परतताना वेस्टपोर्टहून डब्लिनला रेल्वेने सव्वातीन तास लागतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळच्या आतलं विमान घेऊ नका. एक रात्र डब्लिनला काढा.

१३. शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

हाल नाही, पण तोचतोचपणा येतो. न्याहारीला ओट्सची लापशी, अंडी, मशरूम, टोमॅटो आणि सोडा घालून केलेला जाड तपकिरी पाव, त्यावर आयरिश लोणी. त्या लोण्यापुढे बाकीचं विसरायला होतं. दुपारी सूप-पाव. इथे सावध राहा. नाव 'भाज्यांचं सूप' असलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं, त्यामुळे 'स्टॉक कसला?' हे विचारा. रात्री पबमध्ये एक-दोन शाकाहारी पदार्थ मिळतात. वेस्टपोर्ट, गॉलवेमध्ये भारतीय जेवण सहज मिळतं, लीनानला विसरा.

मासेखाऊंची चंगळ. किलरी खाडीतच शिंपल्यांची शेती आहे. चाउडर नावाचं माशांचं दाट, दुधाळ सूप एकदा तरी घ्या. तिखट अजिबात नसतं, मालवणी जिभेने समजून घ्यावं. खाकरा, चटणीची पुडी न्यायची ते न्या, पण दूध-मांसाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे, तेव्हा पेढे-बर्फी घरीच.

चहा कडक आणि दुधाचा मिळतो. या बाबतीत आयरिश माणूस आपला.

१४. आणि जैन?

कांदा-बटाटा टाळून कॉनेमारात आठवडा काढणं कठीण आहे, अशक्य नाही. महिनाभर आधी लेखी कळवा, स्वयंपाकघर असलेले मुक्काम बघावे लागतात. आयत्या वेळी सांगितल्यास पाव, लोणी, फळं.

१५. खर्च किती?

मार्गदर्शक, गाडी, सायकल आणि न्याहारीसह मुक्काम धरून माणशी साधारण दोन ते तीन हजार युरो. विमान, व्हिसा, विमा वेगळं. रात्रीची जेवणं किती धरली आहेत ते नीट वाचा, तफावत इथेच असते. एकट्याने खोली हवी असेल तर जादा आकार पडतो. विमा घेताना सायकलिंग त्यात धरलं आहे ना, हे बघा. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका, कार्ड न्या. बेटावर आणि छोट्या पबसाठी थोडी रोकड. विजेचे सॉकेट तीन चौकोनी पिनांचे, ब्रिटनसारखे.

१६. मी पीत नाही. पबमध्ये जाऊन काय करू?

जेवा, चहा प्या, गाणी ऐका. छोट्या गावात पब म्हणजे खानावळ, चावडी आणि नाट्यगृह एकाच छताखाली. पीत नाही म्हणून कोणी भुवया उंचावत नाही. पिणाऱ्यांसाठी सूचना: दुपारच्या जेवणाला गिनेस बिअर घेऊन पुन्हा सायकलवर बसू नका. नशेत सायकल चालवणं तिथे गुन्हा आहे.

१७. तिथले लोक भारतीयांशी कसे वागतात? बातम्या वाचून भीती वाटते.

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डब्लिन परिसरात भारतीयांवर हल्ले झाले आणि भारतीय दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. डब्लिनमध्ये रात्री उशिरा निर्मनुष्य भागात एकटं फिरू नये, अडचणीत ११२ किंवा ९९९ फिरवावा. कॉनेमाराच्या गावांत आमचा अनुभव वेगळा आहे. समोरून येणारा ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो, तुम्हीही करायचा. गप्पांना विषय हवा असेल तर लिओ वराडकरांचं नाव काढा. त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि ते दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांच्या राजकारणावर मतं तिखट असतात, एवढं सांभाळा.

१८. पाट्या वाचता येतील ना?

रोसाविल आणि इनिश मोर भागात आयरिश ही रोजची भाषा आहे, पाट्याही फक्त आयरिशमध्ये. फोनवरच्या नकाशातलं इंग्रजी नाव आणि पाटीवरचं नाव यांचा मेळ लागत नाही. सकाळी मिळणाऱ्या कागदी पट्टीवर दोन्ही नावं असतात, ती खिशात ठेवा. इंग्रजी सगळ्यांनाच येतं.

१९. बेटावरची बोट रद्द झाली तर पैसे परत?

समुद्र खवळला तर बोट निघत नाही. मग तो दिवस किनाऱ्यावर चालवायचा, आणि बोटीचं भाडं परत. बेट पुढच्या दिवसावर ढकलत नाहीत, कारण सोमवारनंतर आपण बंदरापासून लांब गेलेलो असतो. बेटासाठीच येत असाल तर गॉलवेला एक दिवस आधी या.

२०. जुलैचा शेवटचा आठवडा का टाळता?

जुलैच्या शेवटच्या रविवारी क्रो पॅट्रिक या ७६४ मीटर उंच डोंगरावर हजारो यात्रेकरू चढतात, काही जण अनवाणी. वारी पाहिलेल्याला ते दृश्य परकं वाटणार नाही. पण पायथ्याचं मरिस्क गाव आपल्या लुईसबर्ग-वेस्टपोर्ट रस्त्यावरच आहे. आपण तिथे गुरुवारी असतो, पण वेस्टपोर्टच्या खोल्या त्याआधीच भरलेल्या असतात. त्याच सुमारास गॉलवेला आठवडाभर घोड्यांच्या शर्यती असतात आणि ऑगस्टमध्ये क्लिफ्डनला कॉनेमारा जातीच्या घोड्यांचं प्रदर्शन. खोल्या एकतर मिळत नाहीत, किंवा मिळतात तेव्हा किंमत ऐकवत नाही.

२१. मंगळवारी ओमी बेटावर सायकलने जाता येतं असं ऐकलं. मग कार्यक्रमात का नाही?

कारण ते भरती-ओहोटीवर आहे. क्लेडाडफ गावासमोरची वाळू ओहोटीला उघडी पडते, तेव्हा खांबांच्या रांगेने पलीकडे जायचं. भरतीच्या आत परत यायचं, नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरच. वेळा दिवसभराच्या उजेडात नीट बसल्या तरच मार्गदर्शक नेतो. आणि गेलात तर सायकल अलीकडे ठेवून चालत जा. खारी वाळू साखळीत गेली की उरलेला आठवडा ती करकरते.

२२. मधेच सहल सोडावी लागली तर?

एक-दोन दिवस चालवायचं नसेल तर गाडीत बसा, त्यात कमीपणा काही नाही. घरीच परतायचं असेल तर क्लिफ्डनहून गॉलवेला बस आहे, वेस्टपोर्टहून डब्लिनला रेल्वे. लीनानला असाल तर गाडी तुम्हाला यांपैकी एका ठिकाणी सोडते, पण सकाळच्या राइडआधी सांगा. उरलेल्या मुक्कामांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. डॉक्टरचा कागद घेऊन ठेवा, विमा कंपनी तोच मागते.